एका घरातले पाच रिपोर्ट

वाचकाचं पत्र:

मॅडम, नमस्कार. मी छत्तीस वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केलं आणि आठवड्याभरात रक्तपेढीतून फोन आला की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडलाय, डॉक्टरांना भेटा. मला काहीच त्रास नाही. कधी कावीळ झाल्याचंही आठवत नाही. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. त्यांची पुढची भेट दहा दिवसांनी आहे. तोवर झोप लागत नाही म्हणून लिहितोय.

माझा रिपोर्ट असा: एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, समोर ३४८० हा आकडा. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह, त्याचंच आयजीएम निगेटिव्ह. अँटी-एचबीएस निगेटिव्ह. एसजीपीटी ३८. पत्नीचं सगळं निगेटिव्ह. मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्या लहानपणीच्या सगळ्या लसी झाल्यात. तिचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस ६. धाकट्या भावाचं अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, ३४०, बाकी निगेटिव्ह. आईचं एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि अँटी-एचबीएस ८५. आईला संधिवात आहे, पुढच्या महिन्यात तिचं नवीन इंजेक्शन सुरू होणार आहे. वडील बारा वर्षांपूर्वी यकृताच्या कॅन्सरनं गेले.

म्हणजे घरात तिघं पॉझिटिव्ह. भावानं टॉवेल आणि पेला वेगळा केलाय, स्वतःच्या मुलांना जवळ घेत नाही. बायको काही बोलत नाही, पण हे मी कुठून आणलं हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसतो. मी खरंच काही केलेलं नाही. ३४८० म्हणजे रोग किती वाढलाय? मला पुन्हा कधी रक्त देता येईल का?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका ओळीबद्दल. आईचं संधिवाताचं नवीन इंजेक्शन. ते सुरू होण्याआधी तिचा हा रिपोर्ट तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या हातात पडायला हवा. तुमच्या भेटीला दहा दिवस आहेत, पण हे काम त्याची वाट पाहू नका. उद्याच फोन करा आणि एवढंच सांगा: “आईचं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आलंय, एचबीएसएजी निगेटिव्ह आहे.” त्यांना पुढचं कळेल. त्यामागचं कारण खाली सांगते, कारण ते कळायला आधी हा विषाणू समजून घ्यावा लागतो.

मी प्रयोगशाळेत बसणारी डॉक्टर आहे. माणसं माझ्यासमोर क्वचित येतात, त्यांच्या रक्ताच्या नळ्या येतात. मी सही करते आणि रिपोर्ट जातो. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कागदावर लिहिताना आमच्या मनात त्याचा अर्थ ‘शोधत होतो ते सापडलं’ एवढाच असतो. काय शोधत होतो, हे वाचणाऱ्याला कुणी सांगत नाही. तुमच्या घरात तिघांच्या कागदावर हा शब्द आला आणि तुम्ही तिघांना एका रांगेत बसवलंत. त्यात तुमची चूक नाही. प्रत्यक्षात त्या तिघांच्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या भावाची तर आनंदाची आहे.

हा विषाणू म्हणजे एका लखोट्यात ठेवलेलं पत्र आहे असं समजा. बाहेर लखोटा, आत एक घट्ट डबी आणि डबीत पत्र, म्हणजे विषाणूचा डीएनए. लखोट्यावरच्या प्रथिनाला म्हणतात सरफेस अँटिजेन, तेच तुमच्या रिपोर्टमधलं एचबीएसएजी. आतल्या डबीचं प्रथिन म्हणजे कोअर, ‘एचबीसी’मधला ‘सी’ तो.

आता या विषाणूची एक विलक्षण गोष्ट. तो यकृताच्या पेशीत शिरला की ती पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त लखोटे तयार करत सुटते. रक्तात एका भरलेल्या लखोट्यामागे हजारो रिकामे लखोटे फिरत असतात. त्यांच्यात पत्र नसतं, त्यांच्यापासून संसर्ग होत नाही, पण ते इतके असतात की चाचणीच्या जाळ्यात चटकन सापडतात. १९६५ साली बारुख ब्लुमबर्ग या संशोधकानं जे शोधलं ते हेच प्रथिन. तो खरं तर विषाणू शोधतच नव्हता, माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले आनुवंशिक फरक तपासत होता. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्याला हे अनोळखी प्रथिन दिसलं, म्हणून त्याचं नाव ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ पडलं. काही रिपोर्टांवर ते नाव अजूनही असतं. त्याचा हिपॅटायटिसशी संबंध पुढे काही वर्षांनी लक्षात आला आणि १९७६ मध्ये ब्लुमबर्गला नोबेल मिळालं. त्याचा जन्मदिवस, २८ जुलै, हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. या रिकाम्या लखोट्यांपासूनच लस तयार झाली. १९८१ साली आलेली पहिली लस संसर्ग असलेल्या माणसांच्या रक्तातून हे प्रथिन वेगळं काढून, शुद्ध करून बनवली होती. १९८६ पासून हेच प्रथिन यीस्टकडून करवून घेता येऊ लागलं, त्यात कुणाच्या रक्ताचा संबंध उरला नाही. म्हणजे लसीत फक्त लखोटा असतो. डबी नसते आणि पत्रही नसतं.

एवढं कळलं की रिपोर्ट बराचसा उलगडतो. ज्यानं लस घेतली त्याच्या शरीरानं फक्त लखोटा पाहिलाय, म्हणून त्याच्याकडे लखोट्याविरुद्धच्या अँटीबॉडी असतात: अँटी-एचबीएस. ज्याच्या शरीरात खरा विषाणू येऊन गेला किंवा आहे, त्यानं आतली डबीही पाहिलीय, म्हणून त्याच्याकडे अँटी-एचबीसी असतात. लसीमुळे अँटी-एचबीसी कधीच पॉझिटिव्ह येत नाही. आणि लखोटाच रक्तात सापडला, म्हणजे एचबीएसएजी रिॲक्टिव्ह आलं, तर विषाणूचं काम या घटकेला चालू आहे. विषाणू आहे का, कधी येऊन गेलाय का आणि संरक्षण आहे का, हे तीन प्रश्न तीन चाचण्या विचारतात आणि त्यांची उत्तरं एकत्रच वाचायची असतात. एकट्या एचबीएसएजीवर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२३ मध्ये प्रत्येक प्रौढानं आयुष्यात एकदा तरी या तिन्ही चाचण्या एकत्र कराव्यात असं सुचवलं, ते यासाठीच.

आता भावाला हे वाचायला द्या. त्याच्याकडे लखोट्याविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत, डबीविरुद्धच्या नाहीत, आणि लखोटा रक्तात नाही. म्हणजे त्याला हा संसर्ग झालेला नाही, त्यानं कधीतरी लस घेतलीय आणि ती उत्तम लागू पडलीय. संरक्षणासाठी १० हा आकडा पुरेसा मानतात, त्याचा ३४० आहे. तुमच्या घरात सगळ्यात भक्कम संरक्षण त्याच्याकडे आहे. त्याच्यापासून कुणाला काही होणं शक्यच नाही. त्यानं आजच मुलांना जवळ घ्यावं. त्याच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ऐवजी ‘संरक्षण आहे’ असे दोन शब्द छापले असते तर त्या मुलांचे इतके दिवस असे गेले नसते. हे लिहिताना मला आमच्या रिपोर्टांचा खरोखर राग येतोय.

मुलीचा आकडा ६ पाहून घाबरला असाल. तान्हेपणी लस घेतलेल्या मुलांमध्ये काही वर्षांनी रक्तातल्या अँटीबॉडी कमी होत जातात, १० च्या खाली येणंही नेहमीचं आहे. पण शरीराची आठवण जात नाही. विषाणू समोर आला तर ते पुन्हा वेगानं अँटीबॉडी तयार करतं, आणि या आजाराला पसरायला काही आठवडे लागतात, तेवढा वेळ त्याला मिळतो. मुख्य म्हणजे तिचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी निगेटिव्ह आहे, म्हणजे तुमच्यासोबत सहा वर्षं राहूनही तिला संसर्ग झालेला नाही. एरवी निरोगी मुलाला बूस्टर लागत नाही. घरात संसर्ग असल्यामुळे तिच्या डॉक्टरांनी एखादा जादा डोस द्यायचं ठरवलं तर त्यात वावगं काही नाही, पण ते घाईचं काम नाही.

घाई पत्नीसाठी करा. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही, पण संरक्षणही नाही. अनेक जण ‘सगळं निगेटिव्ह, सुटलो’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवतात, आणि घरात सगळ्यात उघड्यावर असलेलं माणूस तसंच राहून जातं. तिचा पहिला डोस याच आठवड्यात घ्या. दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तिचं अँटी-एचबीएस मोजा. इतरांसाठी ही तपासणी सहसा लागत नाही, पण जोडीदाराला संसर्ग असेल तर ती करायचीच, कारण काही लोकांना पहिल्या तीन डोसांनी संरक्षण तयार होत नाही आणि त्यांना पुन्हा डोस द्यावे लागतात. आकडा १० च्या वर गेल्याचं कागदावर दिसेपर्यंत कंडोम वापरा. आणि एक बारकावा: लस घेतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुणी तिची एचबीएसएजी चाचणी केली तर लसीतलं प्रथिनच सापडून ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या काळात ती चाचणी करू नका, नाहीतर आणखी एक रात्र जागून काढाल.

आता आई. तिच्याकडे लखोट्याविरुद्धही अँटीबॉडी आहेत आणि डबीविरुद्धही, पण लखोटा रक्तात नाही. म्हणजे तिला कधीतरी खरा संसर्ग झाला होता आणि तिच्या शरीरानं तो आवरला. रोजच्या व्यवहारात ती बरी झालेली आहे, तिच्यापासून कुणाला धोका नाही. मग मी सुरुवातीलाच इतकी घाई का केली? कारण हा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक वळलेली, टिकाऊ प्रत ठेवून देतो. माणूस बरं झालं तरी ती प्रत बऱ्याचदा तिथेच राहते. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर पहारा ठेवते, म्हणून ती गप्प असते. संधिवाताची काही नवी औषधं नेमकी हा पहारा सैल करतात. रिटुक्सिमॅब नावाच्या औषधात हा धोका सगळ्यात ठळक आहे; काही कॅन्सरवरची औषधं आणि बराच काळ घेतलेली जास्त मात्रेची स्टिरॉइडं यांच्यातही तो असतो. पहारा सुटला की वर्षानुवर्षं झोपलेला विषाणू उठतो, आणि त्यामुळे आलेली कावीळ जिवावर बेतू शकते. हे टाळता येतं, आणि टाळणं सोपं आहे. इंजेक्शन ठरवण्याआधी तिचा एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात या विषाणूचं पत्र आहे का, ते तपासतात. औषध कोणतं आहे ते पाहून एक तर दर काही आठवड्यांनी रक्तावर लक्ष ठेवतात किंवा विषाणूवरची रोजची गोळी आधीच सुरू करतात. रिटुक्सिमॅबसारखं औषध असेल तर ती गोळी इंजेक्शन संपल्यावरही वर्षभर किंवा त्याहून जास्त चालू ठेवतात. हे सगळं करण्यासाठी फक्त एका माणसाला तो अँटी-एचबीसीचा निकाल माहीत असावा लागतो. तो कागद आईच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.

आणि आता तुम्ही.

३४८० या आकड्यानं तुमची झोप घालवलीय, त्याच्यापासून सुरू करू. तो विषाणूंची संख्या सांगत नाही आणि रोगाची तीव्रताही सांगत नाही. यंत्राला तुमच्या रक्ताच्या नमुन्यातून जो प्रकाशाचा इशारा मिळाला तो किमान मर्यादेच्या किती पट आहे, एवढंच ते गुणोत्तर आहे. १ च्या वर गेलं की रिॲक्टिव्ह. ३४८० आणि ९०० यांच्यात आजाराच्या दृष्टीनं फरक करता येत नाही. त्याचा उपयोग इतकाच की निकाल १ च्या आसपास, काठावरचा असता तर मी ‘पुन्हा तपासा, खोटा पॉझिटिव्ह असू शकतो’ म्हटलं असतं. तुमचा काठावरचा नाही, शिवाय अँटी-एचबीसीही पॉझिटिव्ह आहे. संसर्ग खरा आहे. हे तुम्हाला गोड शब्दांत लपेटून सांगण्यात अर्थ नाही.

तो नवा आहे की जुना? अँटी-एचबीसीचं आयजीएम नव्या संसर्गात पहिले काही महिने वर असतं. तुमचं निगेटिव्ह आहे, म्हणजे हा बहुधा जुना आहे. एचबीएसएजी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ रक्तात राहिलं तर संसर्ग दीर्घकाळचा मानतात. तुमची पहिली तपासणी दोन महिन्यांपूर्वीची, तेव्हा सहा महिने पूर्ण झाल्यावर ती एकदा पुन्हा होईल. पण पुढचं काम तोवर थांबवायचं नाही.

तुमचा मनातला खरा प्रश्न ‘कुठून’ हा आहे. त्याचं उत्तर कोणताही रिपोर्ट देत नाही. तरी एक गोष्ट तुमच्या बाजूनं ठामपणे सांगता येते, आणि ती पत्नीलाही वाचून दाखवा. हा संसर्ग दीर्घकाळचा होईल की नाही हे मुख्यतः कोणत्या वयात झाला यावर ठरतं. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात झाला तर दहातल्या नऊ मुलांमध्ये तो कायम राहतो. प्रौढपणी झाला तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांमध्ये कायम राहतो, बाकीचे तो स्वतःहून परतवतात. म्हणून तुमच्यासारखा जुना, कसलाही त्रास न देणारा संसर्ग पाहिला की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार येतो तो बालपणाचा. जन्माच्या वेळी, घरातल्या कुणाकडून, नीट न उकळलेल्या सुईतून, कशातूनही. आईला संसर्ग होऊन गेलाय. वडील यकृताच्या कॅन्सरनं गेले, आणि त्या कॅन्सरचं हिपॅटायटिस बी हे जगातल्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली होती का ते तुम्ही लिहिलं नाहीत. या धाग्यांवरून कुणाकडे बोट दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. आई तिच्या तरुणपणी स्वतःच्या शरीरात काय चाललंय हे जाणू शकत नव्हती, कारण हा विषाणू बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख माणसं या दीर्घकाळच्या संसर्गासह जगत होती, आणि त्यांच्यापैकी निदान झालेली होती शंभरात जेमतेम तेरा. बाकी सगळे, फोन येण्याआधीचे तुम्ही.

पत्नी बोलत नसेल तर तुम्ही बोला. तिच्या गप्प बसण्यात आरोप आहे असं तुम्ही धरून चाललाय. कदाचित ती फक्त घाबरलेली असेल. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्या आणि वयाचा हा मुद्दा तिच्यासमोर विचारा. मी लिहिण्यापेक्षा समोर बसलेल्या डॉक्टरांनी तिला सांगणं जास्त मोलाचं.

पुढच्या भेटीत कोणत्या तपासण्या होतील? सगळ्यात महत्त्वाची एचबीव्ही डीएनए. लखोटे मोजण्याऐवजी ती प्रत्यक्ष पत्रं मोजते, एका मिलिलिटरमागे किती आंतरराष्ट्रीय एकक असा आकडा येतो. तो शेकड्यात असू शकतो किंवा कोटींत. कोटींत आला तरी लगेच हाय खाऊ नका. आणि दोन वेळच्या आकड्यांमध्ये दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर त्यावरून ‘वाढला’, ‘उतरला’ असं ठरवू नका, या चाचणीत एवढं मागेपुढे होतंच. २००० ही एक रेष लक्षात ठेवा, उपचाराचा विचार करताना डॉक्टर ती पाहतात. दुसरी तपासणी एचबीईएजी, विषाणूचंच आणखी एक प्रथिन, तो जोमानं वाढत असल्याची खूण. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणजे विषाणू थंडच आहे असं नाही, कारण या विषाणूचे काही बदललेले प्रकार ते प्रथिन बनवतच नाहीत आणि तरी वाढत राहतात. म्हणून डीएनएला पर्याय नाही. सोबत हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही तपासतील. हिपॅटायटिस डीची तपासणीही विचारून घ्या. तो विषाणू बीचाच लखोटा उसना घेऊन जगतो, त्यामुळे फक्त बी असलेल्यालाच होतो आणि यकृताची हानी वाढवतो.

तुमचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३८. कागदावर त्याच्यासमोर ‘नॉर्मल’ असेल, कारण बऱ्याच प्रयोगशाळांची वरची मर्यादा ४० किंवा ५० असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरते. म्हणजे तुमचं किंचित वर आहे. एवढ्यावरून यकृत बिघडलंय असं मुळीच नाही, वजन किंवा दारू यांनीही ते वाढतं. पण ‘नॉर्मल आहे, काही करायला नको’ असं कुणी म्हणालं तर हा मुद्दा काढा. यकृतावर वण किती पडलेत याचा अंदाज एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) आणि प्लेटलेट यांच्या हिशेबावरून काढतात, सोय असेल तर फायब्रोस्कॅननं यकृताचा कडकपणा मोजतात. सुई घालून तुकडा काढायची वेळ आता क्वचितच येते.

वडिलांची गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. घरात यकृताचा कॅन्सर झालेला असणं ही नुसती माहिती नाही, त्यानं निर्णय बदलतो. बाकी लोकांमध्ये उपचारासाठी डीएनए आणि एसजीपीटी यांच्या ठरावीक पातळ्या पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात घरातल्या अशा इतिहासामुळे, त्या पातळ्या कमी असल्या तरी, उपचार देता येतो असं म्हटलंय. शिवाय तुम्ही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करत राहायची. वयाची चाळिशी यायची वाट पाहायची नाही. हा कॅन्सर यकृत आकसण्याआधीही होऊ शकतो, आणि लहान असताना सापडला तर काढता येतो. सहा महिने म्हणजे सहा महिनेच. बरं वाटतंय म्हणून चुकलेली एक सोनोग्राफी मला सगळ्यात जास्त सलते, कारण या आजारात बरं तर शेवटपर्यंत वाटत असतं.

उपचार सुरू झाला तर तो बहुधा रोज एक गोळी असेल, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर. या गोळ्या डीएनए खाली आणतात, अनेकांत तो मोजण्यापलीकडे जातो, आणि यकृत सावरतं. केंद्रकातली ती वळलेली प्रत मात्र त्यांना खोडता येत नाही. म्हणून डीएनए ‘सापडला नाही’ असं कागदावर आलं तरी गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नका. एकदम थांबवल्यानं विषाणू उसळतो आणि तेव्हा होणारी इजा मूळ आजारापेक्षा वाईट असू शकते. गोळी लागणार नाही असं ठरलं, तरी तीन ते सहा महिन्यांनी रक्ततपासणी ठरलेली. दारू बंद. ‘लिव्हर साफ करणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं, काढे, गोळ्या घेऊ नका. त्यातल्या काहींनी यकृत निकामी झाल्याचे रिपोर्ट मी स्वतःच्या हातांनी सही केलेत. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घरात कुणी घेत असेल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेत सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे निकाल चुकतो.

घरात काय पाळायचं ते थोडकंच आहे. वस्तरा, नेलकटर, टूथब्रश आणि मधुमेहासाठी बोट टोचण्याचं यंत्र तुमचं वेगळं. तुमचं रक्त सांडलं तर हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून पुसायचं, कारण हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. जखम झाकून ठेवायची. बस. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, टॉवेलानं, घामानं, खोकल्यानं, मिठी मारल्यानं हा पसरत नाही. मुलीला मांडीवर घ्या, तिचा पापा घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न पुन्हा रक्त देण्याबद्दलचा होता, आणि इतक्या काळजीत तुम्ही तो विचारलात हे मला लागलं. नाही, आता तुम्हाला रक्तदान करता येणार नाही. तुमची ती पिशवी कुणालाही चढवली गेली नाही, ती बाजूला काढून नष्ट केली असेल. पण त्या एका पिशवीमुळे तुमच्या पत्नीला लस मिळते आहे, आणि आईचं इंजेक्शन सुरू होण्याआधी तो फोन होतो आहे. तो उद्या सकाळी करा.